पांघरलेले वेड आणि खरे वेड : जॅक रुबीच्या खटल्याविषयी

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ मधल्या डॅलस इथल्या हत्येचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ओस्वाल्डचे तोंड कायमचे बंद करण्यासाठीच जॅक रुबीला पाठवले होते.’ ओस्वाल्ड म्हणजे त्या हत्येचा आरोपी, आणि दोनच दिवसांनी त्याला गोळी घालणारा तो रुबी. मीही बरीच वर्षे हेच मानत होते. रुबीच्या खटल्याची हकीकत आणि हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढची त्याची जबानी सलग वाचल्यावर माझे मत बदलले. कटाची शक्यता मी निकालात काढलेली नाही. पण त्या कटाच्या शोधात एका माणसाच्या आजाराकडे आजार म्हणून पाहायचे राहूनच गेले, असे मला आता मनापासून वाटते.

२४ नोव्हेंबर १९६३, रविवार. ओस्वाल्डला डॅलसच्या पोलीस मुख्यालयातून जिल्हा तुरुंगात हलवायचे होते. पत्रकारांना सकाळी दहापर्यंत यायला सांगितले होते, पण चौकशी लांबली. नाइटक्लबचा मालक असलेला रुबी जवळच्याच वेस्टर्न युनियनच्या कचेरीतून आपल्या क्लबातल्या एका नर्तकीला २५ डॉलर पाठवत होता. त्या पावतीवरचा शिक्का ११ वाजून १७ मिनिटांचा आहे. ११ वाजून २१ मिनिटांनी मुख्यालयाच्या तळघरात, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, त्याने ओस्वाल्डच्या पोटात गोळी झाडली. त्याची लाडकी कुत्री शीबा तेव्हा बाहेर गाडीतच होती. पोटच्या पोरासारखे सांभाळलेले जनावर गाडीत ठेवून कोणी सुपारी घेऊन खून करायला जाईल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तो पुरावा नव्हे, हे मला कळते.

रुबीचे पहिले वकील टॉम हॉवर्ड यांचा बेत साधा होता. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्यात दुष्ट हेतूशिवाय झालेल्या खुनाला जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा होती आणि दुःखाने, संतापाने तोल गेलेल्या माणसाला ती मिळवून देणे शक्य होते. पुढे खटला मेल्विन बेली यांच्या हाती गेला आणि त्यांनी वेडेपणाचा बचाव उभा केला : रुबीला एका विशिष्ट प्रकारचा अपस्मार असून त्या भरात, भान नसताना, त्याच्या हातून गोळी सुटली. मेंदूच्या आलेखांचे जाणकार फ्रेडरिक गिब्ज यांची साक्षही झाली. पण कायद्याचा प्रश्न मेंदूच्या आलेखाचा नव्हताच. आपण काय करतो आहोत आणि ते गैर आहे, हे आरोपीला त्या क्षणी कळत होते का, एवढाच तो प्रश्न होता. इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन प्रकरणातून आलेली ही कसोटी आपल्याही ओळखीची आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ तिच्यावरच उभे आहे. या कसोटीवर बेलींचा बचाव टिकला नाही, आणि तो टिकायला हवा होता असे मीही म्हणणार नाही. १४ मार्च १९६४ रोजी ज्यूरीने अडीच तासांच्या आत रुबीला दोषी ठरवले आणि देहदंड सुनावला.

माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या काळाविषयी. कट म्हटला की त्याला डोके ठिकाणावर असलेला, हिशेबी माणूस लागतो. त्यामुळे ज्यांना कट हवा होता, त्यांच्या लेखी रुबी वेड पांघरून पेडगावला निघाला होता. प्रत्यक्षात त्याची आई १९३७ साली मनोरुग्णालयात दाखल झालेली होती, आणि शिक्षेनंतर महिना-दीड महिन्यातच रुबीने कोठडीच्या भिंतीवर डोके आपटून घेतले. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ लुई जॉलियन वेस्ट यांनी त्याला तपासले आणि तो भ्रमांनी ग्रासलेला असल्याचे सांगितले. याच वेस्ट यांच्या संशोधनाला सीआयएच्या गुप्त कार्यक्रमातून पैसा मिळाला होता, हे पुढे उजेडात आले आणि त्यांचे निदानसुद्धा कटाच्या खात्यात जमा झाले.

७ जून १९६४ ला आयोगाचे अध्यक्ष अर्ल वॉरन स्वतः तुरुंगात जबानी घ्यायला गेले. ‘मला वॉशिंग्टनला न्या, इथे माझ्या जिवाला धोका आहे,’ असे रुबी पुन्हा पुन्हा विनवतो. हा भाग सगळीकडे उद्धृत होतो. ज्यूंची या क्षणी कत्तल चालू आहे, असेही तो त्याच जबानीत सांगतो. तो भाग मात्र सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

ती पाने वाचताना मला माझी आत्या आठवली. ती आमच्याकडेच राहायची. पाण्याच्या तांब्यावर ताटली झाकलेली असायची, तरी पिण्याआधी ती मला एक घोट घ्यायला लावायची, कारण शेजारचे पाण्यात काहीतरी कालवतात याची तिला खात्री होती. काही नातेवाईक म्हणायचे, सोंगे आहेत नुसती. काही म्हणायचे, उगीच कशाला बोलेल, काहीतरी असेलच. तिला डॉक्टरकडे न्यायला आम्हाला सहा वर्षे लागली.

रुबीविषयीचे संशय हवेतले नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असलेल्यांची आणि त्याची ओळख होती, आणि १९७९ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्याचे कृत्य पूर्णपणे उत्स्फूर्त नव्हते असे म्हटले. पण कोणाचे हितसंबंध होते हा प्रश्न वेगळा, आणि रुबी जून १९६४ मध्ये भ्रमात होता का, हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे असते.

५ ऑक्टोबर १९६६ रोजी टेक्सासच्या अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. अटकेनंतर पोलिसांसमोर केलेले त्याचे विधान पुरावा म्हणून घ्यायला नको होते आणि खटला डॅलसबाहेर चालवायला हवा होता, अशी कारणे दिली. फेरसुनावणी विचिटा फॉल्स या गावी व्हायची होती. डिसेंबरात रुबीला पार्कलंड रुग्णालयात हलवले, म्हणजे जिथे केनेडी आणि ओस्वाल्ड दोघांचाही मृत्यू झाला तिथेच. आपल्याला कर्करोगाची सुई टोचली गेली आहे, असे तो तेव्हा सांगत होता. ३ जानेवारी १९६७ रोजी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो गेला. कर्करोग आधीच शरीरभर पसरलेला होता. त्या सुईची गोष्ट आजही लोक पुरावा म्हणून सांगतात, आणि सांगणाऱ्या माणसाची त्या वेळची मनःस्थिती काय होती, हे क्वचितच कोणी विचारतो.