हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगणारा निरोप आणि त्याला मुद्देसूद उत्तर

लॅपटॉप सुरू होत नाही, काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची ओळ येते, आणि कुणीतरी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो निरोप पुढे ढकलतं. ‘डेटा रिकव्हरीवाल्यांना हजारो रुपये देऊ नका, सगळं घरीच होतं,’ अशी त्याची सुरुवात. मग उपाय येतात. डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हलकेच आपटा. विंडोजमधली चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायची आज्ञा, चालवा. फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका. नाहीच जमलं तर त्याच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावा. आणि शेवटी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, बसवा, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या घरात गेलेल्या माणसाचे फोटो त्या एकाच डिस्कवर आहेत, किंवा ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध तिथेच आहे, त्यांनी हे उपाय या क्रमाने केले तर वाचण्यासारखं होतं तेही हातचं जातं. बिघडलेली डिस्क अजून किती वेळ वाचता येईल हे कुणीच सांगू शकत नाही. तो उरलेला वेळ फायली बाहेर काढायला वापरायचा, डिस्क दुरुस्त करायला नाही. निरोपातला जवळपास प्रत्येक उपाय याच्या नेमकं उलट करतो.

‘फ्रीजरमध्ये ठेवली की डिस्क चालू होते.’ या समजुतीला जुना आधार आहे. पूर्वीच्या बऱ्याच डिस्कमध्ये बंद असताना हेड, म्हणजे माहिती वाचणारं-लिहिणारं टोक, थेट तबकडीवर (माहिती साठवणाऱ्या फिरत्या चकतीवर) टेकलेलं असे आणि कधी कधी तिथेच चिकटून बसे. मोटरचे बॉल बेअरिंगही अडकत. गारठ्याने धातू किंचित आकसला की अडकलेला भाग सुटायचा आणि डिस्क थोडा वेळ फिरायची. आता लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेड तबकडीच्या बाहेर, रॅम्पवर जाऊन थांबतं आणि बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या जागी तेल असतं. गारठ्याने ते तेल उलट घट्ट होतं. ज्या दुखण्यावर हा उपाय होता, ते दुखणंच आता क्वचित आढळतं.

धोका मात्र खरा आहे. लॅपटॉपची डिस्क हवाबंद नसते. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला एक बारीक छिद्र असतं, आणि अनेक डिस्कवर ‘हे झाकू नका’ असं त्याच्या शेजारी छापलेलंही असतं. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दमट हवेतलं पाणी धरतं, तसं ते आतही धरू शकतं. पावसाळ्यात, मुंबई-कोकणाच्या हवेत तर ही शक्यता आणखी वाढते. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या अडीच इंची तबकडीची कड ताशी साठेक किलोमीटर वेगाने पळत असते. त्या वेगात हेड पाण्याच्या कणाला धडकलं तर तबकडी खरवडली जाते. लॅपटॉपमधल्या बहुतेक तबकड्या काचेच्या असतात आणि माहिती असते ती त्यांच्यावरच्या पातळ चुंबकीय थरात. खूप खरवडलेली डिस्क उघडली तर तबकडीवर नुसती पारदर्शक काच उरलेले गोल पट्टे दिसतात, आणि बाकी आतल्या भागांवर काळसर भुकटी पसरलेली असते. त्या भुकटीतल्या फायली जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

‘हलकेच आपटा.’ नका आपटू. एका लयीत टक्, टक्, टक् असा आवाज येत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून ते मागे येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आहे. असा आवाज येणारी, हातातून पडलेली किंवा अजिबात न फिरणारी डिस्क तिथल्या तिथे बंद करावी आणि थेट लॅबकडे न्यावी. पुढचं काहीही तिच्यावर करून पाहू नये.

‘चेकडिस्क चालवा, सगळं दुरुस्त होईल.’ निरोपातला हा सगळ्यात घातक सल्ला आहे, कारण तो सगळ्यात सभ्य वाटतो. आज्ञा विंडोजचीच आहे, मग त्यात वाईट काय असणार, असं कुणालाही वाटेल. धडधाकट डिस्कवर, वीज अचानक गेल्यावर, तिचा उपयोगही होतो. पण चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही, सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती नोंद काढून टाकूनही हिशेब जुळतो, आणि चेकडिस्कचं समाधान होतं. मालक सोडून गेलेले तुकडे मग ‘फाउंड डॉट शून्य शून्य शून्य’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतात: फाइल ००००, फाइल ०००१, फाइल ०००२, प्रत्येकाला सीएचके हे शेपूट. लग्नाचा अल्बम कुठला आणि वीजबिल कुठलं, काही कळत नाही. हे सगळं लिहिलं जातं त्याच आजारी डिस्कवर. शिवाय आज्ञेपुढे दुरुस्तीसाठी लावायच्या एफ या अक्षराच्या जागी आर हे अक्षर जोडलं की डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे प्रत्येक छोटा कप्पा, वाचायचा खटाटोप सुरू होतो, तोही तासन्‌तास, आणि इतकं करून एकही फाइल बाहेर आलेली नसते.

त्याऐवजी काय करायचं? आवाज ठीक आहे, डिस्क पडलेली नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) तिचं नाव आणि क्षमता बरोबर दिसते आहे, पण विंडोज रखडतं किंवा फायली उघडत नाहीत, अशी स्थिती असेल तर डिस्क काढा. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत तिच्याहून मोठ्या, चांगल्या डिस्कवर घ्या. हा प्रोग्रॅम फुकट आहे, आणि त्याची खरी खुबी त्याच्या क्रमात आहे. वाटेत अडलेला भाग तो तूर्त सोडतो, सहज वाचता येणारं आधी उचलतो आणि हट्टी जागांकडे सगळ्यात शेवटी वळतो. कुठवर आलो याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबवून उद्या तिथूनच पुढे जाता येतं. एकच खबरदारी जिवापाड घ्यावी: कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे आज्ञा देण्याआधी दोनदा वाचा. ती अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. प्रत हाती आली की मग तिच्यावर हवे ते प्रयोग करा.

यात आणखी एक सापळा आहे. बिघडलेली डिस्क विंडोजला जोडली की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी चौकट वर येते. ती रद्दच करायची. ‘फॉरमॅट करून बघू’ म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या हातूनही डिस्क परत घ्यायची.

‘फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका.’ कुठे टाकायचं, हे निरोप सांगत नाही. त्याच लॅपटॉपवर टाकलं तर चुकून पुसलेल्या फायलींची जी जागा रिकामी धरली आहे, तिथेच ते सॉफ्टवेअर जाऊन बसू शकतं. एसएसडीवर पुसलेलं तर बहुतेकदा गेलंच. २००९ च्या विंडोज ७ पासून ट्रिमची आज्ञा पुसलेल्या जागा एसएसडीला लगेच कळवते, आणि मग त्या जागा वाचल्या तर सहसा शून्यंच हाती येतात.

फोटोरेकसारखी साधनं चांगली आहेत, पण ती शेवटी वापरायची आणि प्रतीवरच. ती फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून तुकडे उचलतात, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. मराठी लोकांना हे विशेष जाचतं. छोटे छापखाने, दिवाळी अंक, जुने लेखक यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. नाव हरवलेल्या शेकडो वर्ड फायलींत ‘संपादकीय’ हा शब्द शोधायला जावं, तर आत सगळी इंग्रजी चिन्हंच भरलेली असतात आणि शोध रिकामा परत येतो. म्हणून मूळ फोल्डररचनेसकट प्रत मिळवणं आपल्यासाठी जास्तच मोलाचं. आणि प्रत घेताना विंडोजमधला फॉन्टचा फोल्डरही जपून ठेवा. तो नसेल तर मजकूर मिळूनही वाचता येणार नाही.

‘त्याच मॉडेलचा बोर्ड लावा.’ गेल्या वीसेक वर्षांतल्या डिस्कवर हे सहसा चालत नाही. त्या विशिष्ट डिस्कच्या हेडची कारखान्यात केलेली जुळणी बोर्डवरच्या एका छोट्या, बहुधा आठ पायांच्या चिपमध्ये साठवलेली असते. एकाच मॉडेलच्या दोन डिस्कमध्येही ती वेगळी असते. बोर्ड बदलताना जुनी चिप काढून नव्यावर डकवावी लागते, आणि हे काम सोल्डरिंग सरावाचं असणाऱ्यानेच करावं.

‘दुसऱ्या लॅपटॉपला जोडली की सगळं दिसतं.’ डिस्कला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, नसेल तर. नव्या विंडोज लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळतही सुरू झालेलं असतं, आणि मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर, आजच, ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

‘हेल्थ गुड दाखवत असेल तर डिस्क ठीक आहे.’ गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या) चार सर्वांत ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. लाल इशारा आला तर धावपळ करावी, पण तो आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

‘एसएसडी बसवली की कायमचं सुटलो.’ एसएसडी जरूर बसवा. जुन्या लॅपटॉपला तिच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. पण तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, गेला तर टकटक ऐकू येत नाही, सकाळी ती बायोसमधून नाहीशी झालेली असते. घेण्याआधी लॅपटॉपची जागा पाहा: अडीच इंची साटा असेल तर जाडी ७ मिलिमीटर की ९.५, आणि एम डॉट टू, म्हणजे पट्टीसारखी छोटी डिस्क बसायची जागा, असेल तर साटा की एनव्हीएमई (डिस्क जोडण्याच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती). स्लॉट दिसायला सारखाच असतो, चालतं एकच असंही होतं. विंडोज मात्र पुन्हा विकत घेऊ नका. लॅपटॉपसोबत आलेला परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती नव्याने टाकली की इंटरनेटवरून ती आपोआप सक्रिय होते. आजारी डिस्कचं नव्या एसएसडीवर थेट क्लोन, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी नक्कल, करण्याच्या फंदात पडू नका. बरीच क्लोनिंग सॉफ्टवेअर वाचताना चूक आली की थांबतात, आणि पूर्ण झालं तरी मोडक्या सिस्टिम फायली नव्या डिस्कवर येतात. विंडोज कोरं टाका आणि स्वतःच्या फायली प्रतीवरून आणा.

लॅबकडे जायची वेळ आली तर आधी विचारून घ्या: डिस्क उघडायची झाल्यास धूळमुक्त कक्ष आहे का, काम प्रतीवरून करणार का, पैसे भरण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवणार का, मूळ डिस्क परत देणार का. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, फायली नाहीत, आणि जुनी डिस्क बहुधा जमा करावी लागते. त्यामुळे ती हातची सोडण्याआधी मिळालेल्या फायली एकेक उघडून पाहा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, दोनशे पानांच्या फाइलचं शेवटचं पान दिसतं का, तेवढं तरी बघाच.