अ‍ॅप येऊ द्या, पण भोंगा काढू नका

गावातली कुठलीही अडचण घेऊन वर जा, उत्तर ठरलेलं असतं. "त्यासाठी अ‍ॅप आहे ना!" पीक नोंदवायचंय, अ‍ॅप. पाऊस बघायचाय, अ‍ॅप. नळाला पाणी नाही, तक्रारीचं अ‍ॅप. माझा अ‍ॅपला विरोध नाही, मीही दिवसभर फोनमध्येच तोंड घालून बसलेला असतो. पण नवं काही आलं की आधीचं मोडीत काढायची जी घाई आपल्याला सुटते, ती मला पटत नाही. ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, आता भोंगा कशाला, फळ्यावर लिहायचं कशाला, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय.

म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. महाराष्ट्रातली नाही, पुद्दुचेरीची आहे.

कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेनं १९९८ साली तिथल्या खेड्यांसाठी माहिती केंद्रं काढायला सुरुवात केली. मुख्य केंद्र विल्लियनूरला. तिथं डायल-अप इंटरनेट होतं, पण पुढे गावांपर्यंत टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता. मग पोलिसांकडे असतात तसले वायरलेस सेट वापरले. वीज जायची, म्हणून जोडीला सौर पॅनेल. यातलं वीरमपट्टिनम हे मच्छीमारांचं गाव. त्यांना हवं काय होतं, तर उद्या लाटा किती उंच असतील एवढंच. तो अंदाज अमेरिकेच्या नौदलाच्या वेबसाइटवर मिळायचा. केंद्रातली माणसं तो उतरवून घ्यायची, तमिळमध्ये करायची आणि किनाऱ्यावर लावलेल्या कर्ण्यांवरून सांगायची. वाळूत बसून जाळं दुरुस्त करणाऱ्याला कॉम्प्युटर बघायचीसुद्धा गरज नव्हती. अमेरिकन नौदलाची माहिती त्याच्या कानावर त्याच्याच भाषेत पडत होती, फुकट.

याच केंद्रांपैकी एक नल्लवाडू गावात होतं. २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामीच्या सकाळी, गावातल्या एका तरुणाचा सिंगापूरहून घरी फोन आला. तो आधी याच केंद्रात स्वयंसेवक होता. तिकडे बातमी कळल्यावर त्यानं घरच्यांना किनाऱ्यापासून लांब पळायला सांगितलं. घरच्यांनी नुसतं आपलं बिऱ्हाड उचललं नाही. केंद्र बंद होतं, लोकांनी दार फोडलं आणि लाउडस्पीकरवरून गावाला ओरडून सांगितलं. घरं गेली, होड्या गेल्या. साडेतीन हजारांवर वस्तीच्या त्या गावात माणूस मात्र एकही दगावला नाही.

आता विचार करा, तोच निरोप ग्रुपवर पडला असता तर? कुणाचा फोन चार्जिंगला, कुणाचा रिचार्ज संपलेला, घरातला एकुलता एक फोन पोराबरोबर बाहेर. ज्यांनी वाचला त्यातले निम्मे म्हणाले असते, फॉरवर्ड दिसतोय. भोंग्याचं तसं नाही. तुम्ही ऐकलं, शेजाऱ्यानं ऐकलं, आणि त्यानं ऐकलंय हे तुम्हाला माहीत असतं. गाव हलतं ते त्यामुळे. फोन सिंगापूरहून आला नसता तर भोंग्यानं काय सांगितलं असतं, हेही खरंच. मला दोन्ही पाहिजेत.

श्रीलंकेत कोतमलेच्या सामुदायिक रेडिओनं १९९९ च्या सुमारास असंच जुळवलं होतं. श्रोते पत्रानं किंवा फोननं प्रश्न विचारायचे, निवेदक जाणकारांना सोबत घेऊन इंटरनेटवर शोधायचा आणि कार्यक्रमातच सिंहलीत समजावून सांगायचा. कॉम्प्युटर स्टेशनात, गाव रेडिओपाशी.

आपल्याकडे वारणेचा अनुभव यापेक्षा बोलका आहे. १९९८ लाच कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरातली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प निघाला. तेव्हा पेपरांत काय काय छापून येत होतं, आठवतंय? शेतकरी बाजारभाव बघणार, शेतीचा सल्ला घेणार, जगाशी जोडला जाणार. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची मंडळी बघायला गेली, तर कॉम्प्युटर मुख्यतः साखर कारखाना आणि गाव यांच्यात उसाच्या नोंदींची ने-आण करण्यापुरते चालत होते. मग त्यांनी सात गावांत गावचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून साधा एसएमएस सुरू केला. ऊस किती टन गेला, खत किती उचललं, मेसेज टाका, उत्तर येतं. शेतकऱ्यांना तेच सोयीचं वाटलं. ज्याचा ऊस फडात उभा आहे त्याला तोड कधी आणि वजन किती, एवढंच हवं असतं. जग वगैरे नंतर.

आणि आता ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. तलाठी बांधावर न येताच पाहणी लिहितो, ही तक्रार जुनी आणि बऱ्याच ठिकाणी खरीही, त्यामुळे नोंद शेतकऱ्याच्या हाती आली हे उत्तमच. पण रेंज नसलेल्या शिवारात, साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्यानं काय करायचं? भावकीतल्या पोराला धरायचं, आणि त्यानं काय भरलं हे देवालाच ठाऊक. माझं म्हणणं इतकंच आहे की मुदत संपायच्या आत आठवडाभर त्या नोंदी चावडीवर वाचाव्यात. सातबारा ऑनलाइन करताना चावडी वाचन केलंच होतं की आपण. "गट नंबर अमुक, सोयाबीन, ऐंशी आर" एवढं कानावर पडलं की मागून आवाज येतोच, "अहो, तिथं कापूस आहे!" ही तपासणी कुठल्या सर्व्हरला जमायची नाही.

भोंगा म्हणजे सगळं छान, असं मात्र नाही. माइक ज्याच्या हातात, गाव त्याचं. कर्णे देवळावर आणि चौकात, वाडीवस्तीकडे एकाचंही तोंड नाही, असं आपण बघतोच. पुद्दुचेरीत अट होती की जागा गावानं फुकट द्यायची आणि केंद्र सगळ्यांना खुलं ठेवायचं, दलितांनाही. आपल्याकडे कर्णे लावताना अशी अट घालायला काय हरकत आहे?

अ‍ॅम्प्लिफायर, चार दिशांना चार कर्णे, लाइट गेली तर चालेल अशी बॅटरी, आणि केंद्राचं दार फोडावं लागू नये म्हणून चावी दोघा-तिघांकडे. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. तुमच्या गावचा भोंगा चालू आहे का, माइक कुणाकडे असतो आणि आवाज शेवटच्या वस्तीपर्यंत जातो का, खाली लिहा. ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.