ब्रेक मारता येणं आणि ब्रेक ऑइल उकळणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर जोरात पळवायच्या दिवशी, ब्रेक तापतात तेव्हा काय करायचं आणि कोणतं ब्रेक ऑइल घालायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही पाच मुद्दे मांडलेत. पण मी अडकलो तो या वाक्याशी: 'ज्याला ब्रेक मारता येत नाही, तोच महागड्या ऑइलच्या मागे लागतो. माझ्या गाडीत साधं डॉट 4 आहे आणि सात वर्षांत काही झालेलं नाही.'

मतभेदाला माझी कधीच ना नाही. अमुक आकडा चुकला, तमुक सल्ला पटला नाही, असं लिहा. मी दहा वेळा उत्तर देईन. पण माझ्या शेजारच्या सीटवर एकदाही न बसता माझ्या पायाबद्दल निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? तो लेख लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका होऊ नये, एवढ्याच कळकळीने लिहिला होता. तुमच्या वाक्याने त्याच नवख्या माणसाला ऑइलबद्दल प्रश्न विचारायची लाज वाटेल. याचा मला जास्त राग आला.

एक चूक मात्र माझी. 'डॉट 5.1 हे डॉट 4 पेक्षा केव्हाही सरस' असं मी लिहून गेलो होतो आणि तुम्ही ते बरोबर पकडलंत. डॉट 4, डॉट 5.1 हे ब्रेक ऑइलचे वर्ग, आणि त्यांचे आकडे म्हणजे किमान अट असते. डॉट 4 कोरडं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि पाणी मुरल्यावर 155 पर्यंत, 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. त्याच्या वर कितीही जायला मोकळीक आहे. मोटुलचं आरबीएफ 660 हे डॉट 4 वर्गातलंच, पण कोरडं असताना 325 अंशांपर्यंत टिकतं. ते वाक्य मी दुरुस्त केलंय. आभार.

आता 'ब्रेक मारता येत नाही' याकडे येतो. गाडी 1,500 किलोची धरा. सरळ पट्ट्याच्या शेवटी वळण आहे आणि ते ताशी 80 नेच घेता येतं. नवखा चालक तिथे 140 ने पोचतो, तर मुरलेला चालक आधीच्या वळणातून चांगला बाहेर पडल्यामुळे 180 ने. नवख्याच्या ब्रेकला साडेसात लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा गिळावी लागते, मुरलेल्याच्या ब्रेकला पंधरा लाख. वेग चाळीसने वाढला आणि उष्णता जवळजवळ दुप्पट झाली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी चार-पाच सेकंदांत, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये, आणि दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीला, पुन्हा पुन्हा. म्हणजे ज्याला गाडी चालवता येते त्याचंच ऑइल आधी उकळायची भीती. तुमचं म्हणणं नेमकं उलटं आहे.

ब्रेकवर पाय रेंगाळत ठेवला की पॅड आणि ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर जास्त वेळ शेकत राहतात, हे खरंच आहे. ब्रेक जोरात आणि थोडा वेळ मारावा, मग सोडावा. पण हे मी लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलंय हो! तिथवर वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

माझ्याच बाबतीत काय झालं ते सांगतो. मी नऊ वर्षं ट्रॅक डे करतोय. तिसऱ्या वर्षी एका वर्कशॉपने 'ऑइल बदललंय' असं सांगून गाडी परत दिली आणि मी विश्वास ठेवला. त्या दिवशी शेजारी प्रशिक्षक बसले होते. दोनच लॅप आधी त्यांनी माझ्या ब्रेकिंगला 'असंच' म्हणून दाद दिली होती. पाचव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल तळाला गेलं. वाटेत कुठे अडलंच नाही. दोनदा पंप केल्यावर तिसऱ्यांदा थोडा जोर लागला, तोवर पुढची दोन्ही चाकं खडीत गेली होती. संध्याकाळी कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून ब्लीड केलं, म्हणजे आतलं जुनं ऑइल बाहेर काढलं. आधी गडद तपकिरी ऑइल आलं, त्यात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक. ते ऑइल बदललेलंच नव्हतं. डॉट 4, 5.1 सारखं ग्लायकॉलचं ऑइल रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून ओल शोषत राहतं, आणि त्यात वाफ झाली की पाय ती वाफ दाबतो, पॅडपर्यंत जोर पोचत नाही. पॅड फेड झाले असते, म्हणजे तापून त्यांची पकड गेली असती, तर पेडल दगडासारखं कडक राहिलं असतं आणि गाडी मात्र थांबली नसती. हा फरक मला पायाने कळलाय. मला ब्रेक मारता येतो की नाही, हे त्या दिवशीच्या प्रशिक्षकांना विचारा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. डक्टबद्दल, म्हणजे ब्रेकला हवा पोचवणाऱ्या नळीबद्दल, लिहिलं नाही म्हणता. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, एवढंच सांगतो की हवा डिस्कच्या मधोमध जायला हवी, नुसती चाकावर फेकून भागत नाही. लेख लांबला असेल, तुम्हाला सक्ती नव्हती. पॅडची निवड ज्याच्या त्याच्या गाडीवर. आणि ब्रेक निवावेत म्हणून सावकाश मारायचा शेवटचा थंड लॅप 'वेळेचा अपव्यय' आहे हे तर चक्क धोकादायक लिहिलंत. गाडी पिटमध्ये उभी राहिली की वारा बंद होतो, डिस्क आणि पॅडमधली उष्णता पिस्टनमागच्या ऑइलमध्ये उतरते, आणि ट्रॅकवर न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळू शकतं. तो लॅप ब्रेक न वापरता मारा, उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावा.

राहिली तुमची सात वर्षं. त्या सात वर्षांत ऑइल कितीदा बदललंत, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. दर ट्रॅक डेच्या आधी सीलबंद बाटलीतलं ताजं डॉट 4 भरत असाल तर तुमच्या गाडीला ते पुरत असेल, मी नाही म्हणणार नाही. पुढच्या प्रतिक्रियेत एवढं लिहा: शेवटचं कधी बदललं, आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी तुमचा वेग किती असतो. माझ्या पायाबद्दल नंतर बोलू.