‘फोल्डर कॉपी केलं की डीएमएस हलला’ हा सल्ला का मानू नये

डीएमएस म्हणजे कार्यालयाचे कागद साठवून, नोंदवून शोधून देणारं सॉफ्टवेअर. त्याबद्दल कार्यालयांच्या ग्रुपांवर एक सल्ला वरचेवर फिरतो. शब्द इकडचेतिकडे होतात, गाभा असा: ‘डीएमएसमध्ये टाकलेल्या कागदाची सगळी माहिती, म्हणजे मेटाडेटा, फाइलच्या आतच असते. प्रॉपर्टीज उघडा, दिसेल. सर्व्हर बदलायचा तर फाइलींचं फोल्डर कॉपी करा, डेटाबेसच्या बॅकअपच्या नादी लागू नका. नवी सिस्टिम फाइली वाचून नोंदी पुन्हा तयार करते. आणि फाइलींना नावं नीट दिली तर मेटाडेटाची कटकटच नको.’ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

‘माहिती फाइलच्या आतच असते’

काही असते. एखाद्या डॉकएक्स फाइलची प्रत घ्या, एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘डॉकप्रॉप्स’ नावाचं फोल्डर सापडेल. त्यातल्या ‘कोअर’ या एक्सएमएल फाइलीत शीर्षक, लेखक, शेवटचा बदल कोणी केला आणि दोन तारखा असतात. कुणी स्वतःची फील्ड्स भरली असतील तर ती शेजारच्या ‘कस्टम’ फाइलीत. पीडीएफमध्ये अशा दोन जागा आहेत: जुनी इन्फो डिक्शनरी आणि नंतर आलेलं एक्सएमपी. २०१७च्या पीडीएफ २.० मानकानं इन्फोमधल्या दोन तारखा सोडून बाकी सगळं कालबाह्य ठरवलं, तरी पुष्कळ सॉफ्टवेअर अजून दोन्हीकडे लिहितात. त्यामुळे एकाच पीडीएफचं शीर्षक दोन ठिकाणी दोन वेगळं निघणं नवलाचं नाही. जेपेग फोटोत याच कामाला एक्झिफ असतं. साध्या टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाइलीत अशी जागाच नाही.

पण ही झाली फाइल फॉरमॅटनं दिलेली सोय. डीएमएस तिथे लिहितो का, हा खरा प्रश्न. अल्फ्रेस्को या डीएमएसचं कंटेंटस्टोअर, म्हणजे फाइली ठेवायचं फोल्डर, उघडा: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट अशी एकात एक फोल्डरं, आणि तळाशी लांबलचक आयडीचं नाव व ‘बिन’ एक्स्टेन्शन असलेली फाइल. करारनामा कोणता नि बिल कोणतं, काही कळत नाही. मूळ नाव, फोल्डर, विषय, परवानग्या सगळं डेटाबेसमध्ये. तिथेही एका कागदाची एक रांग (रो) नसते. प्रत्येक फील्डची वेगळी रांग असते. पंधरा फील्ड्स भरली तर पंधरा रांगा, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा एक नोड क्रमांक. फाइल अपलोड होताना अल्फ्रेस्को तिच्या आतला मेटाडेटा वाचतो, पण नंतर तुम्ही भरलेलं, सेटिंग बदललं नसेल तर, फाइलीत परत लिहीत नाही.

शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध डीस्पेस या सॉफ्टवेअरवर आहेत, त्याचंही असंच. डिस्कवर नुसत्या अंकांची नावं असलेल्या फाइली, तीन पायऱ्यांच्या फोल्डरांत. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीची एक रांग, तिच्यासोबत भाषेचा कोड आणि ‘प्लेस’ नावाचा क्रम. म्हणजे एकाच लेखाचं मराठी शीर्षक आणि इंग्रजी शीर्षक वेगळं ठेवता येतं, तीन लेखकांचा क्रमही टिकतो. पीडीएफच्या इन्फोमध्ये लेखकासाठी एकच ओळ आहे, तिच्यात हे बसवायचं कसं?

अपवाद आहे तो मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटचा. तिथे वर्ड-एक्सेलच्या फाइलींत कॉलममधल्या नोंदी खरोखर लिहिल्या जातात आणि फाइलमधल्या उलट कॉलममध्ये येतात. बहुधा हे पाहूनच वरचा सल्ला जन्माला आला असावा. पण पीडीएफला ही सोय लागू नाही, आणि स्कॅन केलेलं दप्तर बहुतेक पीडीएफच असतं. शिवाय तिची किंमतही मोजावी लागते: वर चढवलेली वर्ड फाइल आणि खाली उतरवलेली वर्ड फाइल यांचा हॅश, म्हणजे फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, जुळेलच असं नाही, कारण मधे सिस्टिमनं तिला हात लावलेला असतो.

बाकीचे डीएमएस फाइलला हात लावत नाहीत ते याचसाठी. डिजिटल सही असलेल्या पीडीएफमध्ये सही ठरावीक बाइट्सवर केलेली असते. ते बाइट्स बदलले तर सही अवैध, आणि शेवटी भर घातली तरी ‘सहीनंतर बदल झाला’ असा शेरा उमटू शकतो. डिजिटल सहीचा सातबारा डीएमएसमध्ये टाकून त्याला ‘वारस नोंद’ असा टॅग लावला, आणि तो टॅग फाइलीत लिहिला गेला, तर कागदच संशयास्पद ठरतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या, इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना लागणाऱ्या, प्रमाणपत्रात फाइलचा हॅश आणि तो काढण्याची पद्धत लिहावी लागते. एक टॅग बदलल्यावर हॅश बदलणारी व्यवस्था तिथे कोणाला परवडेल?

आणि काही गोष्टी फाइलच्या आत ठेवण्याजोग्याच नाहीत: जुन्या आवृत्त्या, कोणी कधी पाहिलं, मंजुरी कोणाकडे अडली आहे. आवक-जावक नोंदवही कोणी प्रत्येक पत्राच्या पाठीवर उतरवत नाही.

‘प्रॉपर्टीज उघडा, तारीख दिसते’

दिसते, पण कोणती? १९८७चं खरेदीखत २०१९ला स्कॅन झालं, २०२२ला डीएमएसमध्ये आलं आणि आज पेनड्राइव्हवर गेलं. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’ म्हणून आजची तारीख पडते आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. त्यामुळे फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली असं चित्र दिसतं. हा बिघाड नव्हे, विंडोजचा नेहमीचा शिरस्ता आहे. फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ‘मॉडिफाइड’ वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक घड्याळानुसार साठते, टाइमझोनची नोंदच नसते. झिपच्या मूळ तारीख-फील्डात १९८०च्या आधीचं वर्ष बसत नाही. खरेदीखताची स्वतःची तारीख यांपैकी कुठेच नाही. ती कुणीतरी वाचून डीएमएसच्या फील्डात भरलेली असते, आणि ते फील्ड डेटाबेसमध्ये असतं.

‘नवी सिस्टिम नोंदी पुन्हा तयार करते’

पेपरलेस-एनजीएक्स या डीएमएसचं उदाहरण घ्या, घरी आणि छोट्या ऑफिसात बरेच जण वापरतात. मूळ फाइली ‘ओरिजिनल्स’ फोल्डरात आहेत तशा राहतात, ओसीआर केलेली, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधण्याजोगी केलेली, पीडीएफ-ए प्रत ‘अर्काइव्ह’ फोल्डरात जाते. पत्र कोणाचं, प्रकार कोणता, टॅग, कपाटातल्या कागदावर टाकलेला अनुक्रमांक, टिपा: हे सगळं डेटाबेसमध्ये. आता फक्त ‘ओरिजिनल्स’ उचलून नव्या इन्स्टॉलेशनच्या ‘कन्झ्यूम’ फोल्डरात ओता, जिथून सिस्टिम फाइली आपोआप आत घेते. ओसीआर पुन्हा होईल, शोधही चालेल, आणि पहिल्या दिवशी सगळं छान वाटेल. मग लक्षात येईल की प्रत्येक कागदाचा आयडी बदलला, म्हणून जुन्या ईमेलमधल्या लिंका भलतंच उघडतात. कागदाची तारीख मजकुरात प्रथम सापडलेल्या तारखेवरून अंदाजानं पडली. खरेदीखतात ती स्टँप विकत घेतल्याची असू शकते. हातानं भरलेल्या टिपा गेल्या.

नेक्स्टक्लाउड या फाइली साठवण्याच्या सर्व्हरवरही तेच. फाइली पाठच्या दारानं हलवून स्कॅनची कमांड दिली की त्या यादीत येतात, पण नव्या फाइल-आयडीनं. टॅग आणि कमेंट जुन्या आयडीला चिकटलेले असतात, ते तिथेच अनाथ पडतात.

ज्याला पुन्हा तयार करता येतं तो शोधाचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची यादी. तो गेला तरी रडायचं कारण नाही, रात्रभर चालवला की उभा राहतो. डेटाबेस आणि इंडेक्स यांत लोक गल्लत करतात.

‘डेटाबेसच्या बॅकअपच्या नादी लागू नका’

दोन्ही घ्यायचे, आणि क्रमानं. अल्फ्रेस्कोसारख्या ठिकाणी आधी डेटाबेस, मग फाइलींचं फोल्डर. कारण तिथे फाइलवर पुन्हा लिहिलं जात नाही, नवी आवृत्ती म्हणजे नवी फाइल. रात्री दोनला डेटाबेस घेतला आणि दोन वीसला फाइली, तर मधल्या वीस मिनिटांत आलेल्या फाइली बॅकअपमध्ये जास्तीच्या पडतील. नोंद नसलेला कचरा, निरुपद्रवी. उलट केलं तर नोंद आहे आणि फाइल नाही. तो कागद क्लिक केल्यावर एरर येतो, तोही रिस्टोअरनंतर काही महिन्यांनी, ज्याला कागद हवा त्याच्यासमोर. याच कारणानं अल्फ्रेस्को पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच काढत नाही, सेटिंग बदललं नसेल तर १४ दिवस राखून ठेवतो.

‘नावं नीट दिली की झालं’

‘७/१२’ हे नाव देऊन बघा. तिरपी रेघ विंडोजलाही चालत नाही, लिनक्सलाही नाही. मग कोणी ‘७-१२’ लिहितो, कोणी ‘७_१२’, कोणी ‘सातबारा’, आणि शोध तीन ठिकाणी फुटतो. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. ‘शेतकऱ्यांच्या’ हा डोळ्यांना पाच अक्षरांचा शब्द, पण काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार धरून १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट्स. असे सहा शब्द झाले की जागा जवळपास संपली.

त्याच शब्दात आणखी एक खोडा आहे. ‘ऱ्या’ तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, साधा र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर सारखंच, बाइट्स वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे बाइट्स एकसारखे करणं, पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. फाइलच्या नावात हे सुधारायचं तर नाव बदलावं लागतं. डीएमएसच्या फील्डात ड्रॉपडाउन ठेवला की प्रश्न मुळातच उद्भवत नाही. आणि एक कागद दोन गटांचा असेल तर? नाव एकच देता येतं, फील्डात दोन्ही गट बसतात.

मग हलवताना न्यायचं काय? सिस्टिमचा स्वतःचा एक्स्पोर्ट. पेपरलेसचा एक्स्पोर्टर फाइलींसोबत मॅनिफेस्ट नावाची जेसन फाइल देतो. ती त्याच आवृत्तीच्या इन्स्टॉलेशनमध्ये आयात करायची, अपग्रेड नंतर. असा एक्स्पोर्ट नसेल तर आयडी, डिस्कवरचा मार्ग, मूळ नाव, सगळी फील्ड्स आणि एसएचए-२५६ हॅश अशी सीएसव्ही काढा. ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंग ओळखायची खूण, नसेल तर मराठीची खिचडी होते, ‘००१२३’ हा आवक क्रमांक १२३ होतो, आणि सेव्ह केलंत तर फाइलीतही तसाच राहतो. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’नं आणा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, क्रमांकांच्या कॉलमना टेक्स्ट करा, मगच नजर टाका.