खेतवाडीचा पोटमाळा आणि रील्समधला हिमालय

अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे इंग्रजी कोट्स हल्ली रील्सवर फार फिरतात, मागे हिमालय आणि वर बासरी. अरे हिमालय कशाला, हा माणूस मुंबईत खेतवाडीत राहायचा आणि बिड्या विकायचा! मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी, लहानपण मालवणजवळच्या कांदळगावात. १९३७ ला घरदार सोडून निघाले होते खरे, पण वर्षभरात परत आले, उरलंसुरलं एक दुकान सांभाळलं आणि जे काय साधायचं ते संसारात राहूनच साधलं.

मला त्यांच्या मागची माणसं जास्त इंटरेस्टिंग वाटतात. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूरकडच्या पाथरीचे, विजापुरात मारवाड्याच्या पेढीवर हिशेब लिहायचे. सिद्धरामेश्वरांचे गुरू भाऊसाहेब महाराज, जत तालुक्यातल्या उमदीचे देशपांडे, आणि या देशपांड्यांनी नाम घेतलं ते निंबर्गी महाराजांकडून, म्हणजे एका लिंगायत गुरूकडून, तेही एकोणिसाव्या शतकात. निंबर्गी महाराजांची वचनं कन्नडात आणि भाऊसाहेबांच्या कर्नाटकातल्या इंचगिरी मठात रोज वाचायचा तो मराठी दासबोध. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं, असो.

तर मुद्दा असा की भाऊसाहेबांचा सगळा भर ध्यानावर, तासन्‌तास नामस्मरण. १९१४ ला ते गेले, आणि नंतर सिद्धरामेश्वर म्हणायला लागले की ध्यान ठीक आहे पण त्याच्याही पुढे जायला पाहिजे आणि तिथं विचाराने, विवेकाने लवकर पोचता येतं, मुंगीच्या चालीने झाडावर चढत बसण्यापेक्षा पक्ष्यासारखं थेट फळावर जायचं, पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग म्हणतात ते हेच. गुरुबंधूंना पटेना, गुरूंनी असं सांगितलंच नव्हतं म्हणाले. आज कुणी असं बोललं तर कमेंटमध्येच त्याला धर्माबाहेर काढतील! पण मला वाटतं परंपरा जिवंत राहते ती अशाच शिष्यांमुळे, गुरूचं सगळं पचवून वर एक पाऊल पुढे टाकणाऱ्या. नुसतं 'सनातन ज्ञान, सनातन ज्ञान' करून काय होतंय?

आणि ही मंडळी पुढे गेली म्हणून त्यांनी मागचं टाकलं का, तर तेही नाही. सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्तच बघा. १९७३ ला मॉरिस फ्रीडमन यांनी केलेलं त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि खेतवाडीच्या त्या छोट्याशा पोटमाळ्यावर फॉरेनरची रीघ लागली. महाराज त्यांना मराठीतच सुनवायचे की तू शरीर नाहीस, हे जग भास आहे, मधेच बिडी ओढायची, आणि मग तोच माणूस भिंतीवरच्या गुरूंच्या फोटोंना कुंकू लावणार, आरती करणार, टाळ घेऊन भजन म्हणणार. हे रोज, म्हातारपणीसुद्धा. लोक चक्रावायचे, सगळं भास तर भजन कशाला? गुरूंनी सांगितलंय म्हणून, संपला विषय.

आपल्या ऑनलाइन अद्वैतवाल्यांनी यातला पहिला भाग, 'सगळं भास आहे' एवढाच, उचललाय. वीकेंड रिट्रीटचं पॅकेज बघा, राहणं, जेवण, योगा, सायलेन्स सगळं असतं. भजनाचं विचारलं तर म्हणतात, ऑप्शनल आहे सर.