मोतीबिंदू गेला, जागा उरली

नागपुरात मोतीबिंदूचे दोन हंगाम. एक ऑपरेशन करून घेण्याचा, दिवाळी ते संक्रांत. दुसरा ते टाळण्याचा, म्हणजे उरलेलं वर्ष. ‘एवढ्या उन्हात डोळा कापून राहिले काय बाप्पा?’ हे मार्चमध्ये सुरू होतं आणि पारा ४५ला टेकला की त्याला वैद्यकीय सल्ल्याचं वजन येतं. पोळा होतो, मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडून होतं, तरी मोतीबिंदू त्या गर्दीबरोबर जात नाही. तो घरी बसून आधी पिवळा होतो, मग तपकिरी, आणि फारच लाड केले तर थेट काळ्या मारबतीच्या रंगाचा.

उन्हाची भीती एके काळी रास्त होती. १० ते १२ मिलिमीटरचा छेद, त्यावर टाके, आणि डोळ्याला पट्टी बांधून उताणं पडून राहायचं. आज छेद २.२ ते २.८ मिलिमीटरचा, बहुतेकदा बिनटाक्याचा. पण हे अजून भीतीला कोणी कळवलेलं नाही.

‘पिकू द्या ना अजून’ हा पुढचा मुद्दा. मोतीबिंदू जेवढा पिकतो तेवढा टणक होतो, आणि टणक फोडायला यंत्राची ताकद जास्त लागते. तिचा मार डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या (कॉर्नियाच्या) आतल्या अंगाच्या पेशींना बसतो. त्या मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार असतात; गेल्या की पुन्हा येत नाहीत. फारच टणक असेल तर ६-७ मिलिमीटरचा छेद घेऊन गाभा अखंड बाहेर काढावा लागतो. म्हणजे छोट्या छेदाची संधी आपणच पिकवून घालवायची.

माझा रोजचा छळ म्हणजे हे समजावून सांगणं. समोर पेशंट एक, सोबत नातेवाईक चार, आणि पाचवे पुण्याहून मोबाईलच्या स्पीकरवर. सगळ्यांची एकमताने समजूत अशी की डोळ्यावर पडदा आलाय आणि डॉक्टर तो खरवडून काढतात. पडदा-बिडदा काही नसतो. गढूळ झालेलं असतं बाहुलीमागचं भिंग. ते ९ ते १० मिलिमीटर रुंद, आणि सत्तरीत जवळजवळ ५ मिलिमीटर जाड. ते एका पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं, आणि पिशवी चहूबाजूंनी बारीक धाग्यांनी टांगलेली. पिशवीची मागची भिंत मध्यावर जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टेबलावर ‘हलू नका, खोकला आला तर आधी सांगा’ असं जे बजावतात, ते या ४ मायक्रॉनसाठी. ती भिंत फाटली की मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, भिंगाचे तुकडे मागे पडू शकतात, आणि १५ मिनिटांचं काम तास खातं.

सर्जन पिशवीच्या पुढच्या भिंतीला ५ ते साडेपाच मिलिमीटरचं गोल दार पाडतो, पाणी सोडून भिंग सैल करतो, आणि सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरणाऱ्या सुईने ते फोडून ओढून घेतो. ही सुई अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांना १९६० च्या दशकात दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली. दात साफ करण्याच्या यंत्राचा असा उपयोग होईल हे तिथे बसलेल्या दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नव्हतं. बाकीचे खुर्चीचे हात धरून बसतात. रिकाम्या पिशवीत मग गुंडाळलेलं कृत्रिम भिंग सोडतात. त्याचा मधला भाग ६ मिलिमीटरचा, हातांसकट लांबी १३ च्या आसपास, आणि जाडी एका मिलिमीटरच्या आतबाहेर.

आता हिशेब करा. ५ गेले, १ आला. उरलेल्या जागेचं काय? ऑपरेशननंतरच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्या जागेत आहे, पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, वरण-भात चालेल का. चालेल. सावजी रस्साही चालेल, डोळ्यात उडाला नाही म्हणजे झालं.

जाड भिंगाने पुढे ढकललेला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आता मागे सरकून सपाट होतो. त्याच्या पुढची, साधारण ३ मिलिमीटर खोलीची पोकळी एक मिलिमीटरहून जास्त खोल होते. कडेचा कोन उघडतो, डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा सुधारतो, डोळ्याचा दाब थोडा उतरतो. काचबिंदूवाल्यांना हा बोनस. पण बोनस मिळाला म्हणून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स बंद करू नयेत. मागची जेलीही पुढे सरकते आणि पुष्कळदा डोळ्याच्या तळाच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटते. मग डोळ्यापुढे माश्या फिरतात. दोन-चार माश्या असतील तर फिरू द्या. पण अचानक झुंड आली, विजा चमकल्या किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना.

पिशवी काही आठवडे आक्रसत राहते आणि भिंगाला घट्ट धरते. ते हलायचं थांबल्याशिवाय नंबर काढण्यात अर्थ नसतो. म्हणून चष्मा महिनाभराने. तिसऱ्या दिवशी ‘नंबर काहून नाही देऊन राहिले?’ म्हणून भांडणाऱ्या जावईबापूंना हे पटत नाही. साधं भिंग एकाच अंतरावर बसवलेलं असतं. लांबचं लावलं तर पेपर वाचायला अधिक अडीचच्या आसपास चष्मा लागतोच. खरी फसगत उणे ३ वाल्यांची. आयुष्यभर चष्मा काढून पंचांग वाचलं, आणि ऑपरेशननंतर मेट्रोचा बोर्ड लांबून दिसतो, पंचांग दिसत नाही. जवळचं ठेवायचं की लांबचं, हे आधी बोला. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. त्या यंत्रापुढे म्हणूनच मान हलवत ‘हो हो’ म्हणू नये.

रात्री वर्धा रोडवर समोरच्या दिव्यांची कडेला लकाकी दिसते, कुणाला कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते. १० ऐवजी ६ मिलिमीटरचं भिंग आहे, त्याच्या कडेवर उजेड आपटतो. कड गोलसर न करता काटकोनी मुद्दाम ठेवतात, पिशवीत राहिलेल्या पेशी मागच्या भिंतीवर सरपटू नयेत म्हणून. तरीही काही चिवट पेशी पोचतात, भिंत धुरकट होते, आणि घरात बातमी फुटते: ‘मोतीबिंदू परत आला!’ येत नाही. लेझरने त्या भिंतीला खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम, कापाकापी नाही.

रंगांबद्दल मात्र मोठे वाद मिटतात. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवायचं. ते गेलं की ‘पांढरा सांगून क्रीम मारला’ असा पेंटरवर असलेला जुना आरोप मागे घ्यावा लागतो. एक डोळा व्हायचा असेल तर आळीपाळीने मिटून पाहा, खात्री पटेल.

एक गोष्ट मात्र हमखास लपवली जाते: प्रोस्टेट वाढल्यावर लघवी मोकळी व्हायला देतात ती गोळी. ती, म्हणजे टॅमसुलोसिन, घेणाऱ्याचा तो रंगीत पडदा ऑपरेशनमध्ये ढिला पडून लोंबतो आणि छेदाकडे ओढला जातो. गोळी बंद करून हे हमखास टळत नाही. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो. सूनबाई शेजारी उभी आहे म्हणून काकाजी ‘बीपीची’ म्हणतात. त्यापेक्षा गोळीची पट्टीच खिशातून काढून मुकाट्याने टेबलावर ठेवावी.

ड्रॉप एकच थेंब. दोन औषधांत ५ मिनिटं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन गालावर नेतं. पहिल्या आठवड्यात दुखणं, लाली वाढणं किंवा दिसणं कमी होणं, यातलं काहीही झालं तर रात्र काढू नका. आणि भिंगाच्या नंबराचं स्टिकर असलेलं कार्ड जपा. ते वीजबिलांच्या फाईलमध्ये गेलं की पुढच्या डॉक्टरला तुमच्या डोळ्यात काय बसवलंय ते अंदाजानेच ओळखावं लागतं.