यांजकडून रुपये एकशे एक

फेब्रुवारीत तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते आणि त्यांच्या स्वतःच्या मते गावच्या यात्रा कमिटीचे सर्वेसर्वा. "यंदा पुकारायला तू," ते म्हणाले. दरवर्षी यात्रेत माइकवरून वर्गणीदारांची नावं पुकारणाऱ्या गुरुजींच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना तीन महिने मौन सांगितलं होतं. मी म्हटलं, तात्या, मला माइकवर बोलायची सवय नाही. "ब्यांकेत दिवसभर लोकांना नाही म्हणतोस ना? मग तोंड चालतंय की," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी हो म्हणालो नव्हतो. पण आमच्या घरात चुलत्यांनी फोन ठेवला म्हणजे पुतण्या हो म्हणाला, असा रिवाज आहे.

आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, नारायणगावपासून दुचाकीवर अर्ध्या तासाचं. चैत्र लागला की या पट्ट्यात आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. पहाटे भैरवनाथाला अभिषेक, सकाळी मांडवडहाळे म्हणजे देवाच्या मांडवाला डहाळ्या न्यायची मिरवणूक, दुपारी आखाडा, संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तमाशाची हजेरी, म्हणजे सकाळचा खेळ. खर्च सगळा लोकवर्गणीचा. वर्गणी देणाऱ्याला पावतीचं काही वाटत नाही, त्याला पुकारा लागतो. पावती खिशात राहते, धुण्यात जाते. पुकारा चार कर्ण्यांतून थेट ओढ्यापलीकडच्या भावकीच्या अंगणात जाऊन पडतो, आणि बांधावरून बोलणं बंद असलेल्या भावाला तो ऐकावाच लागतो.

यात्रेच्या आदल्या रात्री तात्यांनी वही हातात ठेवली. दोनशेबारा नावं. मग शिकवणी सुरू झाली. आकड्याच्या शेवटी 'फक्त' म्हणायचं नाही, देणाऱ्याचा अपमान होतो. 'यांच्याकडून' नाही, 'यांजकडून'. जावयाला 'पाहुणे' म्हणायचं, घरजावयाला म्हणायचं नाही. गावात निम्म्या घरांचं आडनाव एक, त्यात बाळू नावाचे सहा, म्हणून मळा सांगायचा: बाळू विहीरमळा, बाळू आंबेमळा. एका बाळूचा मळा चार वर्षांपूर्वी विकला गेलाय. त्याचं नाव मळा न सांगता, पण मळा असल्यासारखं घ्यायचं. (हे कसं करायचं ते मला अजून कळलेलं नाही.) बायकांची नावं नवऱ्याच्या नावामागे 'सौ.' लावून. याला अपवाद एकच निघाला. एका आजींनी पाच हजार एक दिले होते. नातवाचं नाव लिहायला निघालेल्या पोराला त्यांनी सुनावलं, "माझं लिही. पैसे माझ्या म्हशीचे आहेत."

बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, मला जावं लागलं नाही, हे माझं भाग्य. तिथे पुकारणारे धंदेवाईक असतात. गाडा सुटला की त्यांच्या तोंडून जो 'भिर्रर्र' निघतो, तो बँकेतल्या माणसाच्या फुफ्फुसाचं काम नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधली साडेसात वर्षं घाटात गवत वाढत होतं आणि ते पुकारणारे म्हणे लग्नाच्या पंगतीत 'भिर्रर्र' करून आवाज राखत होते. २०२३च्या मे महिन्यात न्यायालयाने राज्याचा कायदाही उचलून धरला. तेव्हापासून त्यांचा दर माझ्या पगाराच्या अंगावर येतो.

मला आखाडा मिळाला. आखाडा दिसायला सोपा असतो. सुरुवातीला लंगोट लावलेली चिमुरडी रेवड्यांसाठी नि दहा रुपयांसाठी लढतात, मग वीस, पन्नास, शंभर असं चढत चढत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जायचं. हलगी वाजत असते. दोन कुस्त्यांच्या मधल्या श्वासात मी वर्गणीदार पुकारायचे. पण लोक मध्येच येऊन कानात सांगतात, "या काळ्या लंगोटावर माझे शंभर जोड." ते जोडेपर्यंत काळा लंगोट खाली पडलेला असतो, आणि शंभरवाला म्हणतो, तू उशिरा पुकारलंस म्हणून पडला.

तरीही मी रेटत होतो. घसा तापला, आवाजाला जरा गुरुजींची धार आल्याचा मला भास झाला, आणि नेमक्या त्या भरात पुढची ओळ आली. वहीत स्वच्छ अक्षरात होतं: 'कै. बबन, पिंपळमळा. ५०१.' मी आवाज खाली आणला. हलगीवाल्याला हाताने थांबवलं. "कैलासवासी बबनराव, पिंपळमळा, यांच्या पवित्र स्मृतीस वंदन करून..." आखाडा शांत झाला. दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. गुलालाने माखलेला एक दणकट माणूस समोरच्या गर्दीतून उठला आणि माझ्याकडे चालत आला. त्याचं नाव कैलास. वडिलांचं बबन. वर्गणी लिहिणाऱ्या पोराने वेळ वाचवण्यासाठी 'कैलास'चा 'कै.' केला होता. बबनरावही दोन माणसं सोडून बसले होते आणि त्यांनी स्वतःसाठीच टोपी काढली होती.

हा कैलास कमिटीचा खजिनदार निघाला. तो काही बोलला नाही. माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि जागेवर जाऊन बसला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रात्रीची गोष्ट वेगळी होती. तमाशा ठरवायला पाडव्याच्या सुमारास कमिटीचे पाच जण नारायणगावला गेले होते. तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते, तमाशाची पंढरीच म्हणतात. पाचांनी दोन दिवस अकरा राहुट्या पाहिल्या आणि पहिल्याच राहुटीतला फड पक्का केला. आता कनातीत तो फड तयार होऊन बसला होता, पटांगण भरलं होतं, आणि माझ्या वहीत एकशे सत्तर नावं शिल्लक होती, कारण आखाड्यात त्या प्रकारानंतर माझ्या हातून फारसं पुकारणं झालं नव्हतं.

नऊ वाजता सुरुवात केली. रात्री दहानंतर कर्णे बंद, हा नियम देशभर २०००पासून आहे. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकारला तो बारापर्यंत सैल करता येतो, आणि आमच्याकडे बारापर्यंतचा कागद होता. तो कागद खिशात ठेवून एक हवालदार पहिल्या रांगेत पेढा खात बसले होते. दहा वाजले तेव्हा मी आंबेमळ्यात होतो. सव्वादहाला फडाचे मॅनेजर स्टेजच्या कडेला येऊन हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरी दोन तास चाळ बांधून बसल्यात." मी पानं उलटायचा वेग वाढवला तर खालून ओरडा झाला, "आमचं नाव पळवू नका!" गंमत म्हणजे एवढ्या लोकांत कंटाळलेला एकही दिसत नव्हता. ज्याचं नाव झालं तो निवांत तंबाखू मळत होता, ज्याचं व्हायचं तो कान टवकारून होता. पोरं झोपली, माणसं जागी राहिली. पावणेअकराला गण सुरू झाला.

गौळण झाली, मावशीने पोट धरून हसवलं. मी स्टेजमागे पाणी पीत होतो. बतावणीत सरदाराने सोंगाड्याला विचारलं, "काय रं, एवढा उशीर?"

"वाटेत एक माणूस मेला, सरदार."

"आरारा! कोण?"

"त्यो बघा, समोर भजी खातोय."

"आन् मग मेला कसा?"

"पुण्याहून साहेब आलं होतं. वहीत बघून मारला!"

पटांगण अक्षरशः लोळलं. हवालदारांच्या घशात पेढा अडकला. कैलास भजी खात होता तो तसाच खात राहिला. सोंगाड्याला कोण काय सांगून गेलं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. वग अर्ध्यावर असताना बारा वाजले, कर्णे बंद झाले आणि राजपुत्र तुरुंगातच राहिला.

घरी आलो तर तात्या ओसरीवर पाठ करून झोपलेले. काकू कुजबुजल्या, "त्यांचं नाव घेतलं नाहीस." मी वही पुन्हा पालथी घातली. नाव होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, 'श्री भैरवनाथ प्रसन्न'च्या खाली, लाल शाईत, दोन फुलं काढून: तात्या, रुपये २१०१. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली होती.

सकाळी हजेरीला मी मागे, पारापाशी उभा राहिलो. तात्यांना पुकारायचं आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं. पण माइक आधीच सोंगाड्याच्या हातात होता. त्याने तात्यांचं नाव असं काही घेतलं की गुरुजींनाही जमलं नसतं. एकवीसशेएक म्हणताना हलगी तीनदा वाजवली. तात्या चहाच्या टपरीवर बसून दुसरीकडे बघत होते, पण कान लाल झालेले लांबून दिसत होते. आणि मग सोंगाड्या म्हणाला, "तसंच आपले पुण्याचे साहेब, कालच्या चुकीबद्दल देवाचा दंड म्हणून, यांजकडून रुपये एक हजार एक!" टाळ्या झाल्या. मी एक रुपयाही कबूल केला नव्हता.

पुकारलेलं नाकारता येत नाही. कमिटीच्या टेबलावरचा कोड मोबाईलने टिपून पैसे भरले. पावतीपुस्तक कैलासच्या पुढ्यात होतं. त्याने तारीख घातली, आकडा घातला आणि माझ्या नावाआधी पेन थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं; माझे केस कानापाशी पांढरे आहेत, मुलगी बारावीला आहे. मग अगदी सावकाश, वळणदार अक्षरात त्याने लिहिलं: 'चि.'